आधी दुकान, मग तळे

अमेरिकेत बास मासा पकडायला निघालेला नागरिक आता आधी टॅकलच्या, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या, दुकानात जातो आणि मग, वेळ उरलाच तर, तळ्याकडे. हा क्रम हळूहळू सर्वमान्य होत गेला आणि तसा तो झाला, हे सार्वजनिक हिताचेच म्हटले पाहिजे. पूर्वीचा माणूस उलटा चाले. तो आधी काठावर जाऊन उभा राही. पाणी नितळ की गढूळ, वारा कोणत्या काठाकडे लाटा लोटतो आहे, बुडालेली झाडे कुठे आहेत, पाणवनस्पतींची कड कुठे संपते, धक्क्याच्या खांबांची सावली किती खोल जाते, हे सगळे तो न्याहाळी आणि मग जवळच्या चार-दोन वस्तूंतून एक निवडी. या पद्धतीत माणसाला पाण्याच्या मर्जीने चालावे लागे. स्वाभिमानी नागरिकाला ते कसे रुचावे? आजचा नागरिक थंडगार दालनात शिरतो, छतापर्यंत टांगलेल्या नकली आमिषांसमोर उभा राहतो आणि जे तळे त्याने अजून पाहिलेलेही नाही त्याच्यासाठी सगळी निवड करून मोकळा होतो. पैसा त्याचा, पसंती त्याची. माशाचे मत विचारण्याची पाळीच येत नाही. इतक्या सोयीच्या व्यवस्थेची बाजू नीट मांडली गेली पाहिजे, आणि ती मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी. त्याच्या जातींपैकी लार्जमाउथ बास अमेरिकेचा सर्वांत लाडका: हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोचणारा जबडा. तो लांबवर पाठलाग करून स्वतःला दमवत नाही. बुंध्याआड, लव्हाळ्याच्या कडेला दबा धरून बसतो आणि लहान मासे, बेडूक, क्रेफिश टप्प्यात आले की झडप घालतो. पाण्याचे तापमान त्याचे वेळापत्रक ठरवते. थंडीत त्याचे पचन मंदावते आणि तो जवळून सावकाश जाणारे भक्ष्यच तेवढे घेतो. वसंतात अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. उन्हाळ्यात भर दुपारी खोलात किंवा दाट वनस्पतींच्या सावलीत शिरतो, आणि शरदात लहान माशांच्या थव्यांमागे मोकळ्या पाण्यात हिंडतो. डॉ. जेम्स हेन्शल यांनी १८८१ मध्ये या माशावर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्याला शिकायचे आहे त्याच्यासाठी ही विद्या कधीपासून मोकळी आहे.

पण या विद्येचा एक मोठा तोटा आहे. तिच्यामुळे गरजा कमी होतात. पाणी थंड आणि गढूळ असेल तर तळालगत सावकाश सरकवायचे एक जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा हूक, पुरते. वनस्पती दाट असतील तर टेक्सास रिग लावावी, म्हणजे गोळीच्या आकाराचे वजन, त्यामागे प्लॅस्टिकचा गांडूळ आणि हुकाचे टोक त्या गांडुळाच्याच अंगात लपवलेले, की ते कुठे अडकत नाही. पाणी उघडे असेल आणि मासे पसरलेले असतील तर भराभर पाणी पालथे घालणारा क्रँकबेट नावाचा नकली मासा. अगदी नितळ पाण्यात बिचकलेल्या माशासाठी बारीक लाइनवर ड्रॉप शॉट: वजन खाली, हूक त्याच्या वर, आणि आमिष तळापासून अधांतरी. एवढे समजलेल्या माणसाची पेटी लहानशी राहते. अशी माणसे वाढली तर व्यापाराचे काय होईल, याचा विचार करायला हवा.

जॉर्ज पेरीचे उदाहरण यासाठीच वाईट वाटावे असे आहे. २ जून १९३२ रोजी, महामंदीच्या ऐन भरात, जॉर्जिया राज्यातला हा शेतकरी कुटुंबातला तरुण मित्राबरोबर ऑकमल्गी नदीलगतच्या मॉन्टगोमेरी लेकवर गेला. दोघांत मिळून एकच ल्यूर, म्हणजे नकली आमिष, होता, असे सांगतात. त्या एका ल्यूरवर त्याला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा लार्जमाउथ बास लागला. तो विक्रम आजही मोडलेला नाही. २००९ मध्ये जपानमध्ये त्याची फक्त बरोबरी झाली. पेरीने मासा तोलला, नोंदवला आणि घरी नेला. घरच्यांनी तो खाल्ला. आजच्या कोणत्याही सुजाण ग्राहकाला हे ऐकून कळवळा येईल. त्याच्याकडे दुसऱ्या रंगाचा पर्याय नव्हता, दुसऱ्या खोलीचा पर्याय नव्हता, आणि पर्याय नसल्यामुळे त्याला नाइलाजाने मासा जिथे होता तिथेच आमिष टाकावे लागले.

१९७१ मध्ये तर हाच अन्याय ठरवून करण्यात आला. बास मासेमारीला स्पर्धेचे रूप देणाऱ्या रे स्कॉट यांनी पहिल्या बासमास्टर क्लासिकसाठी चोवीस स्पर्धक विमानात बसवले आणि तळे कोणते, हे विमान हवेत असताना सांगितले. ते नेवाडाच्या वाळवंटातले लेक मीड निघाले. आयत्या वेळी खरेदीची सोय नाही, कोणाला आधी विचारण्याची सोय नाही. जे हाताशी आहे ते घेऊन पाणी वाचायचे. दहा हजार डॉलरचे बक्षीस बॉबी मरे यांनी नेले. नागरिकाची अशी परीक्षा घेणे कोणत्याही सभ्य व्यवस्थेत पुन्हा घडू नये.

आता रंगांकडे वळू, कारण आधुनिक निवडीचे खरे वैभव तिथे आहे. एकाच आकाराचा प्लॅस्टिकचा गांडूळ दुकानात कितीतरी छटांत मिळतो: टरबुजी, भोपळी, मोटार-ऑइलसारखा, जांभळ्यात हिरवी चमकी, हिरव्यात जांभळी चमकी. १९४९ मध्ये ओहायोतल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम यांनी पहिला प्लॅस्टिकचा गांडूळ बनवला तेव्हा त्यांना या समृद्धीची कल्पना असणे शक्य नव्हते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मात्र लार्जमाउथ बासच्या दृष्टीचा अभ्यास करून या आनंदात थोडे पाणी ओतले. या माशाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आहेत, लाल आणि हिरव्या रंगाला प्रतिसाद देणाऱ्या. लाल आणि हिरवा तो चांगला ओळखतो. पण झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत त्याची गफलत होते, आणि निळा व काळा हेही त्याला सारखेच वाटतात. आता पिवळ्या आणि पांढऱ्या अशा दोन पेट्या बाळगणाऱ्या नागरिकाने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. त्याने दोन्ही ठेवाव्यात. दुकानात प्रवेश माशाला नाही, त्यालाच आहे. तेव्हा रंग त्याच्या डोळ्यांना भावले पाहिजेत.

रॉड, रील आणि लाइन यांची सांगड हा त्याहून गंभीर विषय. जुने लोक या बाबतीत फार काटेकोर होते. क्रँकबेटला तीन-तीन टोकांचे बारीक हूक असतात, म्हणून त्यासाठी मध्यापर्यंत वाकणारा मऊ रॉड आणि थोडी ताणणारी लाइन घ्यावी, म्हणजे मासा हिसका देतो तेव्हा रॉड तो धक्का पोटात घेतो आणि हूक निसटत नाही, असे ते सांगत. दाट कमळपानांवरून पोकळ रबरी बेडूक ओढायचा असेल तर उलट: ताठ रॉड आणि पन्नास-पासष्ट पौंडांची विणलेली लाइन, कारण मासा लागताक्षणी त्याला पानांच्या जंजाळातून वर काढले नाही तर तो तिथेच गुरफटतो. नायलॉनची साधी लाइन फार सावकाश बुडते, म्हणून पृष्ठभागावरच्या आमिषाला बरी. फ्लुओरोकार्बन बुडते आणि पाण्यात कमी दिसते, म्हणून तळाच्या कामाला योग्य. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला कमी गिअर रेशोची, पाचाच्या आसपासची रील, म्हणजे हाताला जोर मिळतो. जिगला सात-आठाची, म्हणजे सैल पडलेली लाइन चटकन गोळा होते. या प्रत्येक नियमामागे माशाच्या तोंडाचा, त्याच्या ताकदीचा आणि पाण्याच्या रचनेचा विचार आहे. असा विचार करत बसले तर दुकान बंद व्हायची वेळ येते.

म्हणून आजचा समंजस खरेदीदार सर्वांत ताठ आणि सर्वांत महाग रॉड घेतो, त्यावर अजिबात न ताणणारी लाइन भरतो आणि बारीक हुकांचा क्रँकबेट बांधतो. झटका बसला की हूक माशाच्या ओठाची चिंधी घेऊन परत येतो. मासा गेला, हे खरे. पण रॉडची कार्यक्षमता सिद्ध झाली. त्याचा शेजारी दुसऱ्या टोकाला असतो. त्याला खिलाडूपणा प्रिय आहे. तो ऑगस्टच्या तापलेल्या पाण्यात, जिथे प्राणवायू आधीच कमी असतो, केसासारखी लाइन आणि काडीसारखा रॉड घेऊन मोठ्या बासशी बराच वेळ झुंजतो. ही समान पातळीवरची लढत आहे, असे त्याचे म्हणणे. लढत संपते तेव्हा एक जण थकलेला असतो आणि दुसरा श्वासाला मोताद झालेला असतो. मग फोटो निघतो. मासा पाण्यात सोडला जातो, आणि तो पोहून गेला की नाही हे बघायला थांबणे असभ्यपणाचे मानले जाते.

मासा सोडून द्यायची ही रीत बास मासेमारीने मिळवलेली खरीखुरी मोठी गोष्ट आहे. १९७२ मध्ये रे स्कॉट यांनी आपल्या स्पर्धांत पकडलेला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला आणि तो आग्रह लाखो सामान्य मच्छीमारांच्या हाडीमासी खिळला. त्या एका निर्णयाने जितके बास वाचले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने वाचले असतील. आधुनिक तंत्राने या पायावर इमला चढवला. कार्ल लॉरन्स यांनी १९५७ मध्ये सामान्य माणसाला परवडेल असे ट्रान्झिस्टरवर चालणारे सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे टिपणारे यंत्र, आणले, तेव्हा पडद्याऐवजी फिरती चकती होती आणि बोटीखाली किती खोलीवर काहीतरी आहे, एवढेच कळे. ते काहीतरी म्हणजे मासा की फांदी, हे माणसाला ठरवावे लागे. २०१८ मध्ये गार्मिनचे लाइव्हस्कोप आले आणि ठरवण्याचा हा त्रास संपला. बोटीच्या पुढचे पाणी आता पडद्यावर चालू चित्रासारखे दिसते. मासा दिसतो, त्याच्याकडे निघालेले आमिष दिसते, त्याने वळून पाहिलेले दिसते. त्यासाठी काही हजार डॉलर मोजले की ऋतू, वारा, सावली, काठ यांचे अनेक वर्षांचे शिक्षण वाचते. बोटीच्या टोकाला उभा असलेला माणूस मान खाली घालून पडद्याकडे पाहतो आहे आणि भोवती पहाट होते आहे, हे दृश्य आता नवीन राहिलेले नाही. स्पर्धा भरवणाऱ्या मेजर लीग फिशिंगने २०२५ च्या हंगामात आपल्या बास प्रो टूरमध्ये हे यंत्र दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रापुरते मर्यादित केले. पाणी वाचता येणे हेही कौशल्य आहे, या जुन्या समजुतीला तिथे अजून मान असावा.

या यंत्राने आणखी एक सोय केली. पूर्वी खोल, मोकळ्या पाण्यात टांगल्यासारखे उभे असलेले बास सहसा सापडत नसत. आता ते सापडतात. पंचवीस-तीस फुटांच्या खालून मासा झपाट्याने वर आणला की पाण्याचा दाब कमी होतो आणि त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. असा मासा सोडला तर तो खाली जाऊ शकत नाही. कुशीवर तरंगत राहतो, आणि वर ऊन असते, पक्षी असतात. ज्यांना हे ठाऊक आहे ते सुईने ती हवा हलक्या हाताने काढतात किंवा वजन लावून माशाला खाली पोचवतात, आणि त्यातले शहाणे एका मर्यादेपलीकडच्या खोलीत मासेमारीच करत नाहीत. पण नागरिकाचे कर्तव्य मासा सोडण्याचे आहे, आणि ते तर त्याने बजावले. हिशेबाच्या वहीत तो मासा जिवंत सोडलेला म्हणूनच लिहिला जातो.

तंत्राचा विचार करताना वसंत ऋतूची महती वेगळी सांगायला हवी, कारण या दिवसांत तंत्र लागतच नाही. पाणी पंधरा-सोळा अंश सेल्सियसच्या पुढे गेले की नर बास उथळ तळाशी शेपटीने माती झटकून गोल, स्वच्छ घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर तिथेच राहतो. शेपटीने पाणी हलवत अंड्यांना ताजे पाणी देतो, गाळ बसू देत नाही, स्वतः फारसे खात नाही, आणि अंडी फुटल्यावरही पिल्लांचा थवा सांभाळत हिंडतो. त्या सगळ्या दिवसांत घरट्याजवळ जे येईल ते तोंडात धरून बाहेर नेऊन टाकणे, एवढेच त्याचे काम. काठावरून किंवा बोटीतून तो स्पष्ट दिसतो. घरट्याच्या मधोमध काहीही टाका. त्याला भूक नसली तरी तो ते उचलतो. रंग चुकला तरी चालतो, गिअर रेशो चुकला तरी चालतो. इतके समतावादी तंत्र दुसरे नाही: जाणकार आणि नवखा इथे एका पंक्तीला बसतात. नराला वर उचलून फोटोसाठी धरले की जवळपास टपून असलेले ब्लूगिल मासे घरट्यावर तुटून पडतात. तो परत येतो तेव्हा राखण्यासारखे किती उरले असेल ते त्या काही मिनिटांवर अवलंबून. उत्तरेकडच्या काही राज्यांनी या दिवसांत बास पकडण्यावर बंधने घातली आहेत. बाप आपल्या कामावर असताना त्याला मोकळे सोडावे, असे त्यांना वाटते. नागरी स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे फारच एकांगी म्हटले पाहिजे.

कॅलिफोर्नियात एस्कॉन्डिडोजवळ डिक्सन लेक नावाचा लहानसा तलाव आहे. २००६ च्या वसंतात तिथे पंचवीस पौंड एक औंस वजनाची एक मादी काढली गेली. पेरीचा विक्रम तिने सहज मोडला असता. पण हूक तोंडाऐवजी बाहेर, अंगात रुतला होता, म्हणून पकडणाऱ्यांनी विक्रमाचा दावा न करता तिला सोडून दिले. हा त्यांचा प्रामाणिकपणा खरोखर मानावा असा आहे. गालाखालच्या काळ्या ठिपक्यावरून ती ओळखू येई, आणि त्याआधीही ती पकडली गेली होती. २००८ मध्ये ती त्याच तलावात मेलेली आढळली. जगातला सर्वांत मोठा बास होऊ शकणाऱ्या त्या माशाला माणसांनी वेळोवेळी बाहेर काढून तोलले. इतका सार्वजनिक सन्मान फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला येतो.

काटकसरीबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर आपल्या खरेदीदाराला कोणी उधळ्या म्हणेल. तो उधळ्या नाही. रॉडवर कित्येकशे डॉलर घालवल्यावर वजनाच्या वेळी तो हात आखडता घेतो आणि शिसे निवडतो. टंगस्टन शिशाहून खूप घन असते. तेवढ्याच वजनाची गोळी लहान होते, दगड आणि चिखल यांतला फरक हाताला चांगला जाणवतो. पण ते महाग. आणि शिशाची गोळी तुटून तळाशी राहिली तर कोणाचे काय जाते? लून नावाचा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो. त्या खड्यांत तुटलेली शिशाची गोळी आली, किंवा गोळीसकट निसटलेला मासा त्याने खाल्ला, की तो विषबाधेने मरतो. एक गोळी पुरते. न्यू हॅम्पशायरने २००० सालापासून आपल्या तळ्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आणली, कारण तिथे मेलेल्या लून पक्ष्यांच्या पोटांत ती सापडत होती. ज्या राज्यांत अशी बंदी नाही तिथला नागरिक अजून मोकळा आहे. फाटलेला प्लॅस्टिकचा गांडूळ पाण्यात भिरकावून देण्यासही तो मोकळा आहे. तो गांडूळ मासे गिळतात आणि तो त्यांच्या पोटात पचत नाही. गुंता झालेली लाइन कापून काठावर टाकली तर बगळ्याच्या पायाला ती सापडते. वस्तू कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतेच.

आता या विचारसरणीचे सर्वांत उंच शिखर पाहू. आधी टॅकल, मग तळे, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: टॅकल आहे, तळे आहे, पण तळ्यात बासच नाही, तर? उत्तर सोपे आहे. बास आणून सोडावा. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने अमेरिकेतून लार्जमाउथ बास आणून जपानच्या हाकोने भागातल्या आशी सरोवरात सोडले. ते रीतसर होते आणि एका सरोवरापुरते होते. पुढे बास मासेमारीची लाट आली, दुकानांत अमेरिकी टॅकल आले, आणि मासा तळ्यामागून तळ्यात दिसू लागला. कोणी किती बादल्या रात्री नेल्या, याची नोंद अर्थातच नाही. या स्वयंसेवकांनी नाव न सांगता काम केले. जपानचे सर्वांत मोठे सरोवर बिवा हे फार जुने आहे. तिथले काही मासे जगात इतरत्र कुठेच नाहीत. निगोरोबुना हा त्यांतलाच एक, ज्याला मीठ आणि भातात मुरवून फुनाझुशी करतात. नवा शिकारी आल्यावर अशा माशांची पिल्ले उथळ लव्हाळ्यात सुरक्षित राहिली नाहीत.

बासला तिथे अमेरिकेतलाच सोबतीही मिळाला. १९६० मध्ये युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल मासे भेट दिले. ते जपानच्या मत्स्य संशोधन संस्थेकडे सुपूर्द झाले, आणि पुढे ब्लूगिल बिवात पसरले. स्वतः माशांचे अभ्यासक असलेल्या सम्राट अकिहितोंनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. एका सम्राटाने माशांसाठी मान खाली घातली, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्या आधी, २००३ पासून, शिगा प्रांताने बिवात पकडलेला बास किंवा ब्लूगिल परत सोडण्यास मनाई केली होती. काठावर ते टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या. २००५ पासून देशभर लागू झालेल्या कायद्याने जिवंत बास बाळगणे, नेणे आणि नव्या ठिकाणी सोडणे गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेसह. आणि याच बिवात, २ जुलै २००९ रोजी, मानाबू कुरिता यांनी पेरीच्या विक्रमाची बरोबरी करणारा बास पकडला. आमिष होते जिवंत ब्लूगिल. जपानच्या पाण्यात अमेरिकेचा मासा, अमेरिकेच्या माशावर लागला. तो पेरीच्या माशाहून जेमतेम एका औंसाने भारी होता, पण नियमाप्रमाणे विक्रम मोडायला दोन औंस लागतात. टॅकलने एका देशाचे तळे दुसऱ्या देशासारखे करून दाखवले, याहून पूर्ण विजय कोणता असतो?

आपल्याकडेही हा प्रयोग वेगळ्या माशाने यशस्वी झालेला आहे. उजनी धरणालगतच्या भिगवणच्या बाजाराला जाऊन चिलापीचे ढीग पाहावेत. हा आफ्रिकेकडचा तिलापिया. भीमेच्या पाण्यात त्याला कोणी बोलावले होते, असे स्थानिक मासे तरी सांगणार नाहीत. आपल्याकडे गळाचा शौक वाढतो आहे, परदेशी रॉड आणि ल्यूर घरपोच मिळत आहेत. सामान आले की त्याला साजेसा मासा हवा, असे कोणाच्या मनात येईल, तेव्हा जपानचा अनुभव त्याच्या हाताशी असावा.

एका मुद्द्यावर मात्र दुकानाची बाजू निर्विवाद भक्कम आहे, आणि तो मुद्दा मी पूर्ण गांभीर्याने मांडतो. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने अमेरिकेत रॉड, रील, ल्यूर, हूक अशा सामानावर उत्पादकाकडून दहा टक्क्यांच्या आसपास केंद्रीय कर घेतला जातो. काही वस्तूंवर दर कमी आहे. हा पैसा राज्यांच्या मत्स्य विभागांना वाटला जातो. १९८४ च्या सुधारणेने त्याची व्याप्ती आणखी वाढवली. त्यातून तळ्यांची निगा राखली जाते, मासे मोजले जातात, अधिवास सुधारले जातात, सामान्य माणसाला पाण्यापर्यंत पोचायला धक्के बांधले जातात. निळ्या आणि काळ्या अशा दोन्ही छटांचे गांडूळ विकत घेणारा माणूस, त्यातला एकही माशाला वेगळा दिसत नसला तरी, दोन्हींवर कर भरतो. त्या कराचा उपयोग माशाला होतो. हे अगदी खरे आहे आणि त्याबद्दल त्या माणसाचे आभार मानलेच पाहिजेत.

म्हणून राज्यांच्या मत्स्य विभागांना माझी एक सूचना आहे. त्यांनी दरवर्षी उत्तम बास-नागरिकाचा सत्कार करावा आणि त्यासाठी अट अशी ठेवावी: उमेदवाराने वर्षभरात सर्व प्रकारचे रॉड, सर्व गिअर रेशोंच्या रील, सर्व छटांचे गांडूळ, नवीन सोनार आणि टंगस्टनची पूर्ण पेटी पावतीसह खरेदी केलेली असावी, आणि त्यातली एकही वस्तू वेष्टनातून बाहेर काढलेली नसावी. असा उमेदवार कर पूर्ण भरेल. घरट्यावरच्या नराला तो हात लावणार नाही, खोलातला मासा वर ओढणार नाही, त्याची बादली एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाणार नाही. ज्यांना पाणी वाचायला शिकायचे आहे त्यांच्यासाठी काठावर जागाही मोकळी राहील. सत्कार दुकानातच ठेवावा, म्हणजे त्याला यायला अडचण पडणार नाही.